युनिव्हर्सिटीने शेअर विकावेत म्हणजे नक्की काय विकावं?

प्रश्न थोडक्यात असा आहे: मुलगी न्यू यॉर्कला मास्टर्स करतेय, कर्ज काढून पाठवलंय, आणि ती फोनवर म्हणते की आमच्या फीचे पैसे गाझातल्या युद्धात जातात म्हणून पोरांनी कॅम्पसवर तंबू ठोकले होते. तर हे खरं आहे का, युनिव्हर्सिटीला चार कंपन्यांचे शेअर विकणं एवढं जड का जातं, आणि समजा विकले तरी युद्धाला काय फरक पडतो?

मी बरीच वर्षं याच धंद्यात आहे. सुरुवात पुण्यात खराडीला फंड अकाउंटिंगमध्ये झाली, रात्रपाळीत बसून अमेरिकन फंडांची एनएव्ही (म्हणजे फंडाच्या एका युनिटची त्या दिवशीची किंमत) काढायची, मग इकडे न्यू जर्सीत एका संस्थेच्या इन्व्हेस्टमेंट ऑफिसात आलो. पैसे कुठे लावायचे ते ठरवणारा माणूस मी नाही, लावलेले पैसे शेवटी नेमके कुठे जाऊन बसलेत ते शोधून कागदावर आणणं हे माझं काम. त्यामुळे युद्धात कोण बरोबर कोण चूक यावर मी इथे भाषण देणार नाही (मत आहे, पण ते तुम्ही विचारलेलं नाही), पैशांपुरतं बोलतो.

आधी फीचं बघू. फी एंडोमेंटमध्ये जात नाही. फी येते ती चालू खर्चात, म्हणजे पगार, लॅब, हॉस्टेल, लाइट बिल यात संपते, आणि बहुतेक ठिकाणी तेवढ्याने भागतही नाही. एंडोमेंट म्हणजे देणगीदारांनी पिढ्यान्‌पिढ्या दिलेल्या हजारो देणग्यांचा एकत्र गुंतवलेला गठ्ठा, आणि त्यातल्या बऱ्याच देणग्यांना अटी असतात, अमुक स्कॉलरशिपसाठीच, तमुक प्रोफेसरच्या खुर्चीसाठीच. दरवर्षी त्यातले साधारण ४ ते ५ टक्के काढून युनिव्हर्सिटी खर्च करते, मूळ रक्कम चालू राहते. तंबू ठोकले तेव्हा न्यू यॉर्कच्या कोलंबिया युनिव्हर्सिटीचा हा गठ्ठा १३.६ अब्ज डॉलरच्या आसपास होता. म्हणजे मुलीचं वाक्य शब्दशः चूक आहे, पण तिला जे म्हणायचंय ते चूक नाही, कारण ती ज्या संस्थेची विद्यार्थिनी आहे तिच्या नावावरचा पैसा कुठेतरी लागलेला आहे आणि तो कुठे लागलाय हे तिला कोणी सांगत नाही. माझ्या मते भांडणाचं मूळ इथेच आहे, विकण्याच्या आधी दाखवण्यात.

आता तंबूंचं. ७ ऑक्टोबर २०२३ ला हमासने इस्रायलवर हल्ला करून सुमारे १,२०० लोक मारले, अडीचशेच्या आसपास ओलीस नेले, त्यानंतर गाझात जे युद्ध सुरू झालं त्यात एप्रिल २०२४ पर्यंत तिथल्या आरोग्य खात्याच्या आकड्यांप्रमाणे ३४ हजारांच्या आसपास माणसं गेली होती. १७ एप्रिल २०२४ ला पहाटे कोलंबियाच्या साउथ लॉनवर पोरांनी तंबू टाकले, त्याच दिवशी युनिव्हर्सिटीच्या तेव्हाच्या प्रेसिडेंट मिनूश शफीक वॉशिंग्टनला संसदेच्या समितीपुढे साक्षीला बसल्या होत्या, विषय कॅम्पसवरचा ज्यूद्वेष. दुसऱ्या दिवशी त्यांनी पोलीस बोलावले, शंभरावर पोरांना अटक झाली, आणि मग व्हायचं तेच झालं, तंबू शेजारच्या लॉनवर परत उभे राहिले आणि देशभर पसरले. ज्यू विद्यार्थ्यांच्याही तक्रारी होत्या, काही घोषणा ऐकून भीती वाटते म्हणून, आणि त्याच तंबूंमध्ये ज्यू विद्यार्थीही बसलेले होते. हे दोन्ही एकाच वेळी खरं होतं. ३० एप्रिलला पहाटे एका गटाने हॅमिल्टन हॉलचा ताबा घेतला, रात्री पोलिसांनी तो रिकामा केला. १९६८ साली व्हिएतनाम युद्धाच्या वेळी याच इमारतीतून पोलिसांनी पोरांना बाहेर काढलं होतं, तारीखही ३० एप्रिलच.

मागण्या बऱ्याच होत्या पण मधोमध एकच: इस्रायलच्या लष्कराला किंवा ताब्यातल्या भूभागातल्या कारभाराला ज्या कंपन्यांचा उपयोग होतो त्यांतून युनिव्हर्सिटीने पैसे काढावेत, आणि सगळी गुंतवणूक जाहीर करावी. यादीत लॉकहीड मार्टिनसारख्या शस्त्रवाल्या कंपन्या होत्या, गूगल, अ‍ॅमेझॉन, मायक्रोसॉफ्टही होत्या, आणि ब्लॅकरॉकही. इथेच आमच्यासारख्या लोकांचं घोडं अडतं, कारण लॉकहीडचा शेअर विकणं एक काम आहे आणि ब्लॅकरॉकमधून बाहेर पडणं अगदीच वेगळं काम, ब्लॅकरॉक स्वतःच जगातली सगळ्यात मोठी पैसे सांभाळणारी कंपनी.

का वेगळं ते सांगतो. लोकांना वाटतं युनिव्हर्सिटीचं एक डीमॅट खातं असेल, त्यात शेअर दिसत असतील, नको तो विकून टाकायचा. तसं फार पूर्वी होतं. १९८५ साली डेव्हिड स्वेन्सन येलमध्ये आला आणि त्याने पैसा साध्या शेअर-बाँडमधून काढून प्रायव्हेट इक्विटी (बाजारात नसलेल्या कंपन्या विकत घेणारे फंड), हेज फंड (बड्या गुंतवणूकदारांचे, हवे ते डाव खेळणारे फंड), व्हेंचर (नव्या कंपन्यांत पैसे घालणारे), जमीनजुमला अशा ठिकाणी बाहेरच्या मॅनेजरांकडे दिला, परतावे भन्नाट आले, मग सगळे मोठे एंडोमेंट त्याच वाटेने गेले. आज मोठ्या युनिव्हर्सिटीचा बहुतेक पैसा दुसऱ्याच्या फंडात असतो आणि त्या फंडात तिच्याबरोबर पेन्शनवाले, विमावाले, अरब शेख, सगळे असतात. काय घ्यायचं काय विकायचं ते मॅनेजर ठरवतो. मंगल कार्यालयात पंगतीला बसल्यावर वाढप्याला माझ्या वरणात लसूण नको म्हणून चालत नाही, वेगळं हवं असेल तर स्वयंपाक वेगळा सांगावा लागतो आणि त्याचे पैसे वेगळे पडतात. आमच्याकडे त्या वेगळ्या स्वयंपाकाला सेपरेट अकाउंट म्हणतात, आणि ते चांगले मॅनेजर लहान गिऱ्हाइकाला देत नाहीत.

आणि आत शिरलेला पैसा बाहेर कधी येतो? इंडेक्स फंडातून, म्हणजे बाजाराच्या निर्देशांकाची नुसती नक्कल करणाऱ्या फंडातून, एका दिवसात. हेज फंडातून सहसा तिमाहीला एकदा, तेही ४५ ते ९० दिवस आधी नोटीस देऊन, आणि बाजार पडलेला असला तर मॅनेजर गेट लावून थोडे थोडेच सोडतो. प्रायव्हेट इक्विटीत दहा-दहा वर्षांची बांधिलकी, मधेच निघायचं तर आपला हिस्सा दुसऱ्याला तोटा खाऊन विकायचा, शिवाय उरलेले कॅपिटल कॉल, म्हणजे कबूल केलेल्या पैशांचे राहिलेले हप्ते, तुमच्या डोक्यावर.

दाखवणं किती अवघड आहे त्याचा नमुना देतो. आमच्या कमिटीने एकदा साधा प्रश्न टाकला, शस्त्रांच्या कंपन्यांत आपलं सगळं मिळून किती आहे? झालं, कामाला लागलो. स्वतःच्या खात्यातले शेअर, ते कस्टोडियनच्या (आपले शेअर जपून ठेवणाऱ्या बँकेच्या) रिपोर्टवरून चहा थंड व्हायच्या आत सापडले. इंडेक्स फंडाचंही सोपं, इंडेक्समध्ये त्या कंपनीचं जे वजन त्याला आपल्या रकमेने गुणायचं. मग हेज फंड. एकाने टॉप टेन होल्डिंगची पीडीएफ पाठवली, तीही मागच्या तिमाहीची. दुसऱ्याने नुसतं सेक्टर पाठवलं, इंडस्ट्रियल्स इतके टक्के, आता त्यात लॉकहीड आहे का लिफ्ट बनवणारी कंपनी आहे ते ओळखा तुम्हीच. तिसऱ्याने करारातलं गोपनीयतेचं कलम दाखवलं, अळीमिळी गुपचिळी. एकाकडे तर शेअर नव्हताच, स्वॅप होता, म्हणजे कंपनीची मालकी नाही पण भाव वर गेला की फायदा आपला. हे धरायचं की नाही? आणि एकाने त्याच कंपनीचा शेअर शॉर्ट केला होता, म्हणजे ती बुडाली तर आम्हाला पैसे मिळणार होते! प्रायव्हेट इक्विटीत कंपन्यांची नावं कळतात, पण सेन्सर बनवणारी एखादी छोटी कंपनी आपला माल शेवटी कोणाच्या ड्रोनसाठी विकते ते फंडालाही धड माहीत नसतं. शेवटी रिपोर्ट गेला त्यात एक अंदाज होता, इतके ते इतके, आणि खालच्या तळटीपा वरच्या तक्त्याहून लांब. कमिटीने तळटीपा वाचल्या असतील असं मला वाटत नाही.

म्हणून युनिव्हर्सिटी जेव्हा म्हणते की आमची या कंपन्यांत डायरेक्ट गुंतवणूक नाही, तेव्हा ते खोटं नसतं, पण त्या वाक्यातला सगळा खेळ 'डायरेक्ट' मध्ये असतो. अमेरिकेतल्याच ब्राऊन युनिव्हर्सिटीचं उदाहरण घ्या. तिथे ३० एप्रिल २०२४ ला पोरांनी आपणहून तंबू उचलले, बदल्यात ट्रस्टी मंडळ ऑक्टोबरमध्ये मतदान घेईल असं ठरलं. पोरांनी १० कंपन्यांची नेमकी यादी दिली, सल्लागार समितीने ८ विरुद्ध २ मतांनी नको म्हटलं, मतदानाच्या आधीच एका ट्रस्टीने हे मतदान होतंच कसं म्हणून राजीनामा दिला, आणि ऑक्टोबरमध्ये मंडळाने मागणी फेटाळली. कारण काय दिलं, तर डायरेक्ट काही नाहीच आणि इनडायरेक्ट जे आहे ते इतकं किरकोळ की त्यातून होणाऱ्या हानीला आम्ही जबाबदार ठरत नाही. आता मला सांगा, जे इतकं किरकोळ आहे ते काढायला हरकत काय? आणि काढून काही बिघडणार नसेल तर ठेवायचा एवढा अट्टहास कशाला? याचं उत्तर हिशोबात नाही.

उलट बाजूचं उदाहरण कॅलिफोर्नियाचं, आणि ते या सगळ्यात माझं सगळ्यात आवडतं. मे २०२४ मध्ये युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाचे मुख्य गुंतवणूक अधिकारी जगदीप सिंग बच्चर यांनी रीजंट्सना, म्हणजे तिथल्या कारभारी मंडळाला, सांगितलं की आंदोलकांची यादी पूर्ण मानायची तर आपल्या १७५ अब्ज डॉलरपैकी ३२ अब्जांना हात लावावा लागेल. हेडलाइनी झळकल्या, ३२ अब्ज! पण फोड बघितली की गंमत कळते. शस्त्रवाल्या कंपन्या ३.३ अब्ज. ब्लॅकस्टोन (ही ब्लॅकरॉकहून वेगळी गुंतवणूक कंपनी) ८.६ अब्ज. आणि १२ अब्ज अमेरिकन सरकारचे ट्रेझरी रोखे, कारण अमेरिकन सरकार इस्रायलला मदत देतं! म्हणजे यादी इतकी ताणली की सरकारी रोखेही आत आले, आणि मग 'बघा, हे अशक्य आहे' म्हणायला अधिकारी मोकळे. आकडा खोटा नव्हता, पण कुठली यादी धरून आकडा काढायचा ते हातात असलं की हवा तेवढा आकडा काढता येतो, आमच्या धंद्यात हे शाळेतल्या पोरालाही माहीत असतं. पोरांनीही इथे आपल्या पायावर धोंडा मारून घेतला असं माझं स्पष्ट मत आहे, चार-पाच नावांवर अडून बसले असते तर उत्तर देणं जड गेलं असतं.

जिथे थोडंफार जमलं तिथे यादी छोटी आणि नियम स्पष्ट होता. सॅन फ्रान्सिस्को स्टेट युनिव्हर्सिटीत पोरं आणि तिचा पैसा सांभाळणाऱ्या फाउंडेशनचे लोक उन्हाळाभर एकत्र बसले, ऑगस्ट २०२४ मध्ये ठरलं की ज्या कंपनीचं ५ टक्क्यांहून जास्त उत्पन्न शस्त्रं बनवण्यातून येतं तिच्यात डायरेक्ट पैसे लावायचे नाहीत, आणि लॉकहीड मार्टिन, लिओनार्डो, पॅलंटियर, कॅटरपिलर या चार कंपन्यांतून बाहेर पडले. गठ्ठा लहान, फारशी गुंतागुंत नाही, म्हणून पटकन झालं. डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजमध्ये तर वेगळीच तऱ्हा. तिथे बुक ऑफ केल्स ही जुनी हस्तलिखित पोथी बघायला पर्यटक तिकीट काढून येतात, पोरांनी तीच वाट अडवली, आधी कॉलेजने त्या नुकसानीपोटी विद्यार्थी संघटनेला २ लाख युरोंहून जास्त दंड लावला होता. तरी तंबू ठोकल्यावर पाचेक दिवसांत कॉलेज तयार झालं, ताब्यातल्या भूभागात धंदा करणाऱ्यांची जी संयुक्त राष्ट्रांची यादी आहे तिच्यातल्या इस्रायली कंपन्यांतून बाहेर पडतो म्हणाले, आणि जून २०२५ मध्ये त्याही पुढे जाऊन इस्रायली कंपन्यांतून पूर्ण बाहेर पडायचा निर्णय झाला. यादी संयुक्त राष्ट्रांची होती, कॉलेजला स्वतः ठरवत बसावं लागलं नाही, हा मोठा फायदा.

मग अमेरिकेतल्या बड्यांना काय नडतं? तांत्रिक अडचणी खऱ्या आहेत, पण त्या 'उद्या सकाळी विका' ला उत्तर आहे, 'पाच वर्षांत बाहेर पडा' ला नाही. कोलंबियानेच २०१५ मध्ये खाजगी तुरुंग चालवणाऱ्या कंपन्या सोडल्या, पुढे कोळसा, मग २०२१ मध्ये तेल-वायू. तेव्हा मॅनेजरांना पत्रं गेली, नवीन पैसे लावताना अट घातली, जुने फंड संपू दिले, झालं काम. म्हणजे मार्ग माहीत आहे, चालून झालेला आहे.

नडतं ते कायदा आणि देणगीदार. एंडोमेंट कसं सांभाळायचं याचा एक कायदा जवळपास सगळ्या राज्यांत आहे, तो म्हणतो शहाण्या माणसासारखं सांभाळा, संस्थेचा हेतू बघा. त्यात नैतिक कारणाने शेअर विकायला बंदी नाही, पण उद्या कोणी कोर्टात खेचलं तर ट्रस्टींना आपला निर्णय पटवून द्यावा लागतो. त्यातून इस्रायलवर बहिष्कार टाकणाऱ्यांशी सरकारी व्यवहार करायचे नाहीत असे नियम ३५ हून जास्त राज्यांत आहेत. ब्राऊनच्या मतदानाआधी २४ राज्यांच्या अ‍ॅटर्नी जनरलनी पत्र पाठवून त्याचीच आठवण करून दिली. आणि देणगीदार चिडून गेले तर ते एका वर्षाचं नुकसान नसतं, पुढच्या वीस वर्षांच्या इमारती जातात. कोळशाच्या बाजूने भांडणारा देणगीदार क्वचितच भेटतो, इस्रायलच्या बाजूने भांडणारे बरेच आहेत, विरुद्ध बाजूनेही आहेत. समाजात ज्यावर एकमत नाही त्यात पडायचं नाही असा ट्रस्टींचा पवित्रा असतो. हे मला समजतं. फक्त त्यांनी 'आम्हाला करायचं नाही' असं सरळ म्हणावं, 'करता येत नाही' म्हणून आमच्या स्प्रेडशीटच्या मागे लपू नये.

आता शेवटचा भाग, विकून काय फरक पडतो. नुसत्या भावाचं म्हणाल तर काहीच नाही. तुम्ही विकलेला शेअर दुसरा कोणी घेतो, कंपनीला त्याच दिवशी कळतही नाही. दक्षिण आफ्रिकेचं उदाहरण सगळे देतात म्हणून ते नीट बघू. एप्रिल १९८५ मध्ये कोलंबियाच्या पोरांनी याच हॅमिल्टन हॉलच्या दारात तीन आठवडे ठिय्या दिला, ऑक्टोबरमध्ये ट्रस्टींनी दक्षिण आफ्रिकेत धंदा करणाऱ्या अमेरिकन कंपन्यांचे सुमारे ३.९ कोटी डॉलरचे शेअर काढायचं ठरवलं. पुढे १९९९ मध्ये टिओह, वेल्च आणि वाझान या तिघांनी अभ्यास करून दाखवलं की या बहिष्कारांचा त्या कंपन्यांच्या भावावर दिसण्यासारखा परिणाम झालाच नव्हता. पण १९८५ च्या उन्हाळ्यात चेस मॅनहॅटन बँकेने दक्षिण आफ्रिकेची अल्प मुदतीची कर्जं पुढे चालू ठेवायला नकार दिला, बाकी बँकाही मागे सरल्या, रँड हे तिथलं चलन कोसळलं. आणि १९८६ मध्ये अमेरिकन संसदेने रेगनचा व्हेटो उलथवून निर्बंधांचा कायदा केला. बँकांनी काही पुळका येऊन हे केलं नाही, तिथली अशांतता बघून पैसे बुडतील म्हणून केलं, पण दक्षिण आफ्रिकेशी व्यवहार म्हणजे बदनामी हे वातावरण कॅम्पसवरच्या पोरांनी, चर्चवाल्यांनी, कामगार संघटनांनी आणलेलं होतं. आणि तेही किती वर्षांनी? हॅम्पशायर कॉलेजने पहिल्यांदा शेअर सोडले ते १९७७ मध्ये. म्हणजे तिथून निर्बंधांच्या कायद्यापर्यंत नऊ वर्षं. (सगळ्यात आधी तर दक्षिण आफ्रिकेशी व्यापार बंद केला तो भारताने, १९४६ मध्ये, हे इकडच्या पोरांना सांगितलं की तोंडाकडे बघत बसतात.)

मोठा पैसा हलतो तेव्हा मात्र ऐकू जातं. ऑगस्ट २०२५ मध्ये नॉर्वेच्या सरकारी फंडाने कॅटरपिलर आणि पाच इस्रायली बँका यादीतून काढल्या. त्या फंडापुढे सगळ्या युनिव्हर्सिट्या किरकोळ, आणि तो आपली एकूण एक गुंतवणूक जाहीर करतो, नावानिशी, किंमतीसकट. त्यामुळे एवढं मोठं एंडोमेंट उघडं करता येत नाही असं कोणी म्हणालं की मी नॉर्वेकडे बोट दाखवतो, अर्थात त्यांचा बराचसा पैसा साध्या लिस्टेड शेअर-बाँडमध्ये आहे म्हणून त्यांना ते सोपं जातं हेही खरं.

मुलीबद्दल एक गोष्ट, तुम्ही विचारली नाहीत तरी. एफ-वनवर, म्हणजे विद्यार्थी व्हिसावर, असलेल्या पोरांना अमेरिकन पोरांसारखं अटक होऊन दुसऱ्या दिवशी वर्गात जाता येत नाही. कॉलेजने सस्पेंड केलं की व्हिसाचं स्टेटस धोक्यात येतं, आणि २०२५ पासून सरकार थेट व्हिसाच रद्द करायला लागलं. कोलंबियात पीएचडी करणारी एक भारतीय मुलगी व्हिसा रद्द झाल्यावर मार्चमध्ये देश सोडून निघून गेली. युनिव्हर्सिटी पाठीशी उभी राहील या भरवशावर राहू नका, त्याच महिन्यात कोलंबियाची स्वतःची ४० कोटी डॉलरची सरकारी मदत अडकली होती आणि जुलैमध्ये २२ कोटींच्या वर मोजून त्यांनी तडजोड केली. तिने काय करावं ते तिचं ती ठरवेल, फक्त इमिग्रेशन वकिलाशी आधी बोलून घे म्हणावं, नंतर नाही.

आणि तिला खरंच पैशांच्या मागे लागायचं असेल तर दोन कागद फुकट मिळतात. एक थर्टीन एफ, १० कोटी डॉलरहून जास्त अमेरिकन शेअर स्वतः सांभाळणाऱ्या प्रत्येक संस्थेला तो तिमाही संपल्यावर ४५ दिवसांत सेक या अमेरिकन शेअर बाजाराच्या नियामकाच्या एडगर साइटवर टाकावा लागतो. त्यात फक्त युनिव्हर्सिटीच्या स्वतःच्या हातातले शेअर दिसतात, बाहेरच्या फंडातलं दिसत नाही, त्यामुळे यादी छोटी दिसली म्हणून पैसा तेवढाच आहे असं धरू नये. दुसरा फॉर्म नऊशे नव्वद, म्हणजे ना-नफा संस्थांनी कर खात्याला दरवर्षी द्यायचा हिशोब, खाजगी युनिव्हर्सिटी असेल तर, त्यात शेड्यूल डी मध्ये एंडोमेंटची आवक-जावक आणि शेड्यूल एफ मध्ये परदेशातली गुंतवणूक विभागवार. तिथे मध्य अमेरिका-कॅरिबियनसमोर भलामोठा आकडा दिसेल, तो बघून हुरळून जाऊ नकोस म्हणावं, ते बहुतेक केमन बेटांसारख्या ठिकाणी नोंदवलेले फंड असतात, तिथे पैसा नुसता पत्त्याला असतो. कमिटीपुढे जायची वेळ आलीच तर कुठल्या फंडात सेपरेट अकाउंट आहे, कुठला फंड कधी संपतोय आणि नवीन पैसे लावताना कुठल्या अटी घालता, हे तीन प्रश्न विचारायला सांगा; गोपनीयतेचं कलम पुढे करून यांची उत्तरं सहजासहजी टाळता येत नाहीत.